जंगल सगळ्यांचं, पण पार्किंगपासून किती लांबचं?

मागच्या जानेवारीत एका शनिवारी सकाळी साडेसातला आम्ही चौघं डेन्व्हरपासून दीड-दोन तासांवरच्या एका खिंडीत पोचलो. नाव देत नाही, कारण जे झालं ते कुठल्याही खिंडीत होतं आणि त्यात चूक म्हणावी तर कुणाचीच नव्हती. उणे चौदा सेल्सियस. दार उघडून खाली पाय ठेवला आणि नाकात वास शिरला तो थेट लहानपणीच्या लक्ष्मी रोडचा, ऑइल मिसळलेलं पेट्रोल जळल्याचा, जुन्या टू-स्ट्रोक रिक्षांचा. मला हसूच आलं, बायको म्हणाली काय झालं, म्हटलं काही नाही, मंडईत आल्यासारखं वाटतंय. पार्किंगमध्ये आमच्यासारख्या पाच-सहा साध्या गाड्या, बाकी सगळे पिकअप आणि त्यांच्या मागे लांबलचक ट्रेलर, ट्रेलरवरून स्नोमोबिल उतरवणं चाललेलं, आणि इंजिन गरम करायला म्हणून पंधरा-वीस मशीनं एकदम सुरू.

ज्यांनी स्नोमोबिल पाहिली नसेल त्यांच्यासाठी सांगतो, पुढे दोन स्की, मागे रणगाड्यासारखा रबरी पट्टा, वर बाइकसारखी सीट आणि हँडल, वजन दोनशे किलोच्या वर आणि डोंगरात चालवायच्या मॉडेल्सचं इंजिन ८५० सीसीचं किंवा त्याहूनही मोठं असू शकतं. इथले लोक तिला नुसतं स्लेड म्हणतात. आमच्याकडे होते स्नोशूज, म्हणजे बॅडमिंटनच्या रॅकेटी पायाला बांधून चालल्यासारखं, ताज्या बर्फात तासाला दोन किलोमीटर झाले तरी पुष्कळ.

तर आम्ही दीड तास घाम गाळत तीन किलोमीटर आत गेलो. एक उघडं कुरण, तिन्ही बाजूंनी स्प्रूसची झाडं, वर एक पांढराशुभ्र उतार आणि त्यावर एका सशाच्या पावलांशिवाय काही नाही. बसलो. थर्मासमधून चहा ओतल्याचा आवाज मोठा वाटावा इतकं शांत. दहा मिनिटं झाली असतील नसतील, खालून घूं घूं सुरू झालं आणि सहा स्लेड आल्या, एकेक करून त्या उतारावर जमेल तितक्या वर चढवायची, वळवायची, खाली आणायची, हा त्यांचा खेळच आहे आणि बघायला भारी असतो हेही कबूल करतो. पण पाऊण तासात तो उतार नांगरलेल्या शेतासारखा झाला, चहाला धुराची चव आली आणि ससा काय परत यायचा नाही. जाताना सहाही जणांनी हात केला. आम्हीही केला. नियम कुणी मोडला नव्हता, ती जागा नकाशावर दोघांनाही खुली होती.

परतताना आमच्या एका मित्राच्या स्नोशूचा पट्टा तुटला, आणि गुडघाभर बर्फात एका पायाने चालणं म्हणजे काय ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. त्याच सहातल्या एकाने थांबून त्याला मागे बसवलं आणि पार्किंगपर्यंत सोडलं. आम्ही तासाभराने पोचलो तेव्हा दोघं ट्रेलरच्या फळीवर बसून सॅंडविच खात होते. आभार मानले, गप्पा झाल्या, मी जरा भीतभीतच उताराचं बोललो. तो चिडला नाही. म्हणाला, तुम्ही शेवटचा दीड किलोमीटर ज्या सपाट पक्क्या वाटेवरून आलात ती रात्री मशीन फिरवून कोण दाबतं माहीत आहे? आमचा क्लब. पैसे कुठून येतात? आम्ही दरवर्षी स्लेडची नोंदणी करतो त्या फीमधून. तुम्ही काय भरता?

काहीच नाही. हे तेव्हा तोंडातून निघालं नाही पण उत्तर तेच होतं.

त्या दिवसापासून हा विषय डोक्यात घोळतोय आणि माझं मत बऱ्यापैकी पक्कं झालंय, ते सांगतो. अमेरिकेत हा वाद जुना आहे, हिवाळ्यात सरकारी जंगलात मशीनवाल्यांनी कुठे जायचं आणि पायी किंवा स्कीवर फिरणाऱ्यांनी कुठे. एक बाजू म्हणते जंगल सगळ्यांच्या मालकीचं, सगळ्यांना सगळीकडे जाऊ द्या. दुसरी म्हणते मशीन जंगलात हवंच कशाला. मला दोन्ही पटत नाहीत. माझं म्हणणं एवढंच, की भांडण किती एकर कुणाला यावर होतं आणि ते मापच चुकीचं आहे, हिवाळ्यात माप धरायचं ते पार्किंगपासूनच्या अंतराचं.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेच्या फॉरेस्ट सर्व्हिसकडे, म्हणजे तिथल्या केंद्रीय वनखात्याकडे, १९ कोटी ३० लाख एकर जमीन आहे, म्हणजे साधारण अडीच महाराष्ट्र. त्यातला पाचवा हिस्सा १९६४च्या कायद्याखाली वाइल्डरनेस आहे, तिथे मोटर पूर्ण बंद, सायकलसुद्धा नाही. उरलेल्यात सगळंच चालतं, लाकूडतोड, गुरं चारणं, खाणी, शिकार, फिरणं. आणि स्नोमोबिल ही मजेसाठी जन्माला आली असं कुणाला वाटत असेल तर तसंही नाही. क्यूबेकच्या जोसेफ-आर्मांड बॉम्बार्डिएचा दोन वर्षांचा मुलगा १९३४च्या हिवाळ्यात गेला, बर्फाने रस्ते बंद म्हणून हॉस्पिटलपर्यंत नेताच आलं नाही. हा माणूस पुढे आयुष्यभर बर्फावर चालणाऱ्या गाड्या बनवत राहिला आणि १९५९ साली त्याची छोटी स्की-डू बाजारात आली. त्यानंतर मात्र मजा सुरू झाली, आणि इतकी झाली की १९७२च्या फेब्रुवारीत निक्सनने एक अध्यक्षीय आदेश काढला. देशात रस्ता सोडून चालणाऱ्या मजेच्या गाड्या अंदाजे ५० लाख आहेत, त्या सरकारी जमिनीवर कुठे चालतील ते ठरवून द्या आणि ठरवताना माती, झाडं, जनावरं यांचं नुकसान आणि इतर फिरणाऱ्यांशी होणारे खटके कमीत कमी होतील असं बघा. गाड्यांच्या यादीत स्नोमोबिलचं नाव स्पष्ट होतं.

आता गंमत बघा. २००५ साली फॉरेस्ट सर्व्हिसने उन्हाळ्यातल्या गाड्यांसाठी कडक नियम केला की नकाशावर जो रस्ता खुला दाखवलाय तेवढाच खुला, बाकी सगळं बंद. पण स्नोमोबिलला त्यातून सूट, तिथे वाटलं तर करा, नाही तर राहू द्या. म्हणजे हिवाळ्यात बहुतेक ठिकाणी उलटा न्याय, जिथे बंदचा बोर्ड नाही ते सगळं खुलं. यावर स्कीवाल्यांची एक संघटना कोर्टात गेली आणि २०१३ मध्ये आयडाहोच्या फेडरल कोर्टाने सांगितलं की निक्सनच्या आदेशात स्नोमोबिल आहे, तुम्हाला ती वगळता येणार नाही. मग जानेवारी २०१५ मध्ये नियम बदलला. जिथे पुरेसा बर्फ पडतो तिथे प्रत्येक जंगलाने हिवाळ्याचा वेगळा नकाशा करायचा, कुठली वाट, कुठला भाग स्लेडला खुला ते त्यात दाखवायचं आणि जे दाखवलं नाही ते बंद. त्याला दहा वर्षं उलटली आणि कित्येक जंगलांचे नकाशे अजून झालेले नाहीत. सरकारी काम, तिकडे काय आणि इकडे काय.

नकाशा करायला बसले की पहिली मारामारी होते ती टक्क्यांची. मशीनवाले म्हणतात या जंगलाचा निम्मा भाग वाइल्डरनेस म्हणून आम्हाला आधीच बंद आहे, आता उरलेल्यातही वाटा मागता? ऐकायला अगदी रास्त. पण हिवाळ्यात तो वाइल्डरनेस असतो कुठे? उन्हाळ्यात जिथपर्यंत गाडी जाते तो कच्चा रस्ता नोव्हेंबरात बंद होतो, बर्फ काढतात तो फक्त हायवेचा आणि दोन-चार पार्किंगचा. वाइल्डरनेसची हद्द त्या पार्किंगपासून दहा, पंधरा, वीस किलोमीटर आत. पायी जाणाऱ्याला ती चंद्रावर असल्यासारखीच आहे. डिसेंबरात पावणेपाचला सूर्य मावळतो, सकाळी लवकर निघालं तरी माणूस आत जाऊन अंधाराच्या आत परत येऊ शकेल असं अंतर चार-पाच किलोमीटर, चांगला स्कीवाला असेल तर आठ-दहा. कागदावर मोठ्ठं शांत जंगल त्याच्या नावावर आहे, पण प्रत्यक्षात तो ज्या तुकड्यात फिरतो तो तुकडा मशीनसोबत वाटून घेतलेला.

एकदा रात्री झोप येत नव्हती म्हणून मी हिशोब केला. पाच किलोमीटर त्रिज्येचं वर्तुळ काढा, ७८ चौरस किलोमीटर होतात. स्लेड एका दिवसात सहज चाळीस किलोमीटर आत जाऊन परत येते, चाळीसच्या त्रिज्येचं वर्तुळ पाच हजार चौरस किलोमीटरच्या वर जातं. म्हणजे पायी माणसाचं अख्खं जग हे मशीनच्या जगाच्या दीड टक्का. डोंगरात इतकं गोल काही नसतं हे मान्य, दऱ्या असतात, हिमस्खलनाचे उतार असतात, पण आकड्याचा रोख कळायला एवढं बस आहे. जवळची जागा ही पायी माणसासाठी सगळी जागा आहे आणि मशीनसाठी ती जायचा रस्ता आहे.

आता "वाटून घ्या की, एवढं काय" हा मुद्दा. मी पुण्यात असताना दोन वर्षं ढोलपथकात ताशा वाजवलाय, त्यामुळे आवाजाबद्दल मला कुणी शिकवू नये, गणपतीआधी नदीपात्रात रोज संध्याकाळी प्रॅक्टिस असायची आणि त्या दोन तासांसारखं सुख नाही. पण समजा एकच हॉल आहे आणि तिथे एमपीएससीवाल्या पोरांची अभ्यासिका आहे, आणि कुणी म्हटलं हॉल दोघांचाही आहे, दोघांनीही एकाच वेळी वापरा, आम्ही कुणाला मज्जाव करत नाही. पथकाला त्या पोरांचा काय त्रास? शून्य. पोरं कोपऱ्यात पुस्तक उघडून बसली आहेत, बसू देत की. पोरांचं मात्र आठ दिवसांत उठणं होणार, आणि मग पथकवाले अगदी प्रामाणिकपणे म्हणणार की आमचं कधी कुणाशी भांडण झालंच नाही. बर्फात हुबेहूब हेच होतं. स्लेडवाल्याला विचारलं की स्कीवाल्यांचा त्रास होतो का, तो मनापासून नाही म्हणतो आणि ते खरंच असतं. त्रास एकाच दिशेने वाहतो. त्यामुळे सगळ्यांना सगळं खुलं ठेवणं हे तटस्थ दिसत असलं तरी तटस्थ नाही, चार-पाच हिवाळ्यांत पायी माणसं त्या खिंडीत यायची बंद होतात आणि मग पाहणी होते तेव्हा आकडा निघतो की इथे तर मशीनवालेच येतात.

मग उपाय काय, मशीन बंद? अजिबात नाही. यलोस्टोनची गोष्ट याबाबतीत शिकण्यासारखी आहे, जरी ते नॅशनल पार्क आहे आणि तिथले नियम जंगलापेक्षा वेगळे. नव्वदच्या दशकात तिथे गर्दीच्या दिवशी हजारावर स्नोमोबिल आत जायच्या, २००२ मध्ये पश्चिम गेटवरच्या रेंजर्सना धुरासाठी तोंडाला लावायचे मास्क द्यावे लागले होते. क्लिंटनच्या शेवटच्या दिवसांत बंदी ठरली, बुशने ती फिरवली, मग वॉशिंग्टनचं कोर्ट एक सांगतंय आणि वायोमिंगचं दुसरंच, दहा-बारा वर्षं हा तमाशा चालला. शेवटी २०१३ मध्ये जो नियम झाला तो डोकी मोजत नाही, फेऱ्या मोजतो. दिवसाला जास्तीत जास्त ११० फेऱ्या, त्यातल्या स्नोमोबिलच्या गटांना ५०पेक्षा जास्त नाहीत, एका गटात दहापर्यंत मशीनं, आणि मशीन कमी आवाजाचं, कमी धुराचं. कारण बायसनला एकामागोमाग येणारी दहा मशीनं एकदाच सहन करणं जमतं, पण दर पाच मिनिटांनी एक असं दिवसभर आलं तर त्याची चरण्याची वेळच संपते. कुणाचाही संपूर्ण विजय नाही, आणि म्हणून टिकलंय.

पण जंगलाला गेट नसतं. तिथे फेऱ्या मोजायला कुणी बसलेलं नाही. तिथे जागेचाच हिशोब करावा लागतो आणि तो केल्याचं एक उदाहरण आमच्या कोलोरॅडोतच आहे. व्हेल पास, आय-७० हायवेला लागून, १०,६६२ फुटांवर. इथला हिवाळी भाग ५५ हजार एकरांचा, म्हणजे आपल्या बोरिवलीच्या नॅशनल पार्कच्या दुप्पट. तिथे नव्वदच्या दशकात असाच राडा व्हायचा, मग मशीनवाले, स्कीवाले, डोंगरातल्या मुक्कामाच्या झोपड्या म्हणजे हट चालवणारे, धंदेवाले आणि फॉरेस्टवाले एका टेबलाशी बसले आणि भाग पाडले. काही भाग फक्त पायी आणि स्कीला, काही मशीनला, काही मिश्र. मिश्र म्हणजे असा, की मशीनने ठरलेल्या वाटेवरून वर जायचं, तिथून स्कीवर उतरायचं. हो, असे लोक आहेत आणि खूप आहेत, स्लेडच्या मागे स्की बांधतात, वर जातात, खाली येतात, परत वर. त्यांना कुठल्या बाजूला टाकणार? आणि महत्त्वाचं म्हणजे दिवसाचा पास सगळ्यांना, मशीन असो नसो. त्या पैशातून वाटा दाबल्या जातात, पार्किंग बघितलं जातं, हद्दीचे बोर्ड लागतात आणि बोर्डापलीकडे कुणी गेलं तर बघायला माणूस असतो.

सगळं गोडगोड आहे असं नाही. तिथेही ज्या वाटेने स्कीवाले हटला जातात त्याच वाटेवरून स्लेड जातात, वळणावर दचकायला होतं, आणि पार्किंग सकाळी आठच्या आत भरतं. तरी तिथे भांडण झालं तर ते कशावरून झालं हे दोघांनाही माहीत असतं, कारण रेघ कुठे आहे ते बोर्डावर लिहिलंय. रेघ नसते तिथे प्रत्येकजण आपापल्या मनातली रेघ घेऊन फिरतो, आणि मग पार्किंगमध्ये नजरानजर होते.

माझा आग्रह आहे तो एका पाऊल पुढचा. भाग पाडताना जवळचं ते पायी माणसाला आणि लांबचं ते मशीनला, हा पहिला नियम ठेवा. जिथे बर्फ काढलेलं पार्किंग आहे तिथून एका अंगाचे चार-पाच किलोमीटर शांत, मशीनसाठी दुसऱ्या अंगाने एक दाबलेली रुंद वाट, तिच्यावर वेगमर्यादा, आणि ती वाट संपली की पुढे मोकळं रान. मशीनचं यात काय जातं? काही मिनिटं. पायी माणसाला याच्या उलट व्यवस्था दिली, की तुमचं शांत जंगल वीस किलोमीटर आत आहे, तर त्याला काहीच दिलं नाही.

यावर एक आक्षेप मला अगदी रास्त वाटतो. वय झालेले, गुडघे गेलेले, पाय नसलेले लोक आहेत, त्यांना बर्फातलं जंगल बघायचं तर मशीनशिवाय मार्ग नाही. बरोबर. म्हणूनच मशीनची वाट राहिली पाहिजे आणि चांगली राहिली पाहिजे, ती नुसती पळायला नाही तर थांबून बघायलाही असावी. पण हा आक्षेप घेऊन पुढे येतो तो बहुतेक वेळा पंचवीस-तीस वर्षांचा, धडधाकट आणि नव्या कोऱ्या स्लेडवरचा, हेही मी पाहिलंय.

आता आमच्या बाजूचं. आम्ही पायी फिरणारे स्वतःला जरा सात्त्विक समजतो. आवाज नाही, धूर नाही, आम्ही जंगलाला काय करणार. अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या डोंगरांत वुल्वरीन नावाचा प्राणी आहे, अस्वलाच्या पिल्लासारखा दिसणारा, आकाराने मध्यम आणि स्वभावाने भयंकर, मादी हिवाळ्याच्या शेवटी खोल बर्फात बिळ करून पिल्लं घालते. २०२३च्या नोव्हेंबरात हा प्राणी सरकारने धोक्यातल्या यादीत टाकला. आयडाहो, वायोमिंग, मोंटानाच्या डोंगरांत संशोधकांनी काही वर्षं वुल्वरीनच्या गळ्यात जीपीएस पट्टे घातले आणि त्याच भागात फिरणाऱ्या माणसांनाही जीपीएस दिले, मग दोन्हीच्या वाटा एकावर एक ठेवून पाहिल्या. निघालं काय, तर वुल्वरीन मशीनपासून लांब राहतात आणि स्कीवाल्यांपासूनही लांब राहतात. माद्या जास्तच. एखादी वाट ठरलेली असली, रोज तिथूनच माणसं जात असली तर त्याला जनावर थोडंफार सरावतं, पण माणसं दरीभर विखुरली की ते दरी सोडतं. तीच गोष्ट मूस आणि एल्क या मोठ्या हरणांची, हिवाळ्यात ते साठवलेल्या चरबीवर जगत असतात, छातीभर बर्फातून एकदा पळायला लावलं की त्या दिवसाची बचत गेली. त्यांना पळवणारा गुपचूप आला की गोंगाट करत आला याने फार फरक पडत नाही, कधीकधी तर गुपचूप आलेलाच जास्त दचकवतो. त्यामुळे काही दऱ्या मार्चमध्ये सगळ्यांनाच बंद असाव्यात, मलाही. हे मी लिहितोय तेव्हा माझ्या आवडीची एक दरी डोळ्यासमोर आहे आणि वाईट वाटतंय, पण ठीक आहे.

आणि आपलं म्हणून आठवतं ते माथेरान. दस्तुरी नाक्याला गाडी लावा, पुढे मोटर नाही. मी लहानपणापासून लोकांना सांगत आलोय की बघा, शांतता अशी राखतात. पण ती शांतता कुणाच्या जिवावर होती? सामान डोक्यावर घेतलेल्या बायका आणि चढावर माणसाला बसवून हातरिक्षा ओढणारा माणूस. २०२५च्या ऑगस्टमध्ये सुप्रीम कोर्टाला सांगावं लागलं की हे सहा महिन्यांत बंद करा, ई-रिक्षा आणा. मोटरबंदीचं सुख ज्याला मिळतं तो त्याची किंमत देतोच असं नाही, ती भलताच कुणीतरी देत असतो. आमच्या खिंडीत ती किंमत स्लेडवाले देतात, ओढून नाही, नोंदणी फी भरून. वाट दाबणारं मशीन महागडं असतं, ते रात्री चालवणारा माणूस असतो, डिझेल असतं. आणि हिमस्खलन झालं, कुणी हरवलं, तर बचाव पथकासोबत पहिले आत जाणारे पुष्कळदा हेच असतात. कोलोरॅडोत २०२३ पासून गाडीच्या नोंदणीसोबत एक वार्षिक पास घेता येतो, त्यातले पैसे स्टेट पार्कला, बचाव पथकांना आणि हिमस्खलनाची सूचना देणाऱ्या केंद्राला जातात, तो मी घेतो. पण तो घेतला म्हणजे माझ्या खिंडीतली वाट दाबली जाते असं नाही. शांत जागा मागायची तर शांत जागेचे पैसेही स्कीवाल्यांनी भरले पाहिजेत, मला यात वादच दिसत नाही, तरी आमच्या ग्रुपमध्ये हे बोललो तर दोघांनी दोन दिवस मेसेजला उत्तर दिलं नाही.

इलेक्ट्रिक स्लेड आली की सगळं मिटेल असं म्हणणारे भेटतात. आवाज आणि धूर मिटेल, चांगलंच आहे. पण दोनशे किलोचं मशीन ताशी ऐंशीने झाडाआडून येणार ते येणारच, उलट ऐकूही येणार नाही, आणि तो उतार पाऊण तासात नांगरला जायचा तो जाणारच. ताजा बर्फ हीसुद्धा एक वाटून घ्यायची वस्तू आहे, मर्यादित, आणि ती एकदा उकरली की पुढच्या बर्फापर्यंत परत येत नाही. त्यातून बर्फच कमी होत चाललाय, खालच्या खिंडी डिसेंबरभर बर्फाविना उघड्या, मग सगळे वरच्या दोन-तीन खिंडींत. कॅलिफोर्नियातल्या काही जंगलांनी नियम केलाय की किमान १२ इंच बर्फ असल्याशिवाय वाट सोडून स्लेड घालायची नाही, खालची झुडपं आणि माती मरते म्हणून. असा नियम सगळीकडे हवा, पण त्याने गर्दी वरच ढकलली जाणार हेही धरून चालायला हवं.

आमच्या भागाचा हिवाळी नकाशा होईल तेव्हा लोकांच्या सूचना मागवतील, माझी लिहून तयार आहे. त्या खिंडीच्या पूर्वेचं कुरण, पार्किंगपासून तीन किलोमीटर, पायी माणसांना. स्लेडची वाट पश्चिमेच्या जुन्या लाकूड वाहतुकीच्या रस्त्याने, तो तसाही रुंद आहे. आणि दोघांना एकाच किमतीचा दिवसाचा पास.

पासची वाट न बघता त्या वाट दाबणाऱ्या क्लबला मीच काही पैसे द्यावेत असं परवा ठरवलं. ऑनलाइन सदस्यत्वाचा फॉर्म उघडला, नाव, पत्ता, ईमेल, आणि मग एक लाल चांदणीवाली अनिवार्य जागा, तुमच्या स्लेडची कंपनी आणि मॉडेल. रिकामी सोडली की फॉर्म पुढे जाईना. दोनदा प्रयत्न केला. शेवटी तिथे लिहिलं, स्नोशूज, एक जोडी, डावा पट्टा नवीन घातलाय. पैसे कापले गेलेत, पावती अजून आलेली नाही.